दोर विकलेला नाही

ज्या माणसाला मी महिन्याभरापूर्वी समुद्रात बुडवलं होतं, तो गॅलरीच्या फाटकाशी टेम्पो लावून उभा होता. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर वैताग. वॉचमन त्याला आत सोडत नव्हता.

“कोवलमच्या कोळीवाड्यातून आलोय,” तो तमिळमध्ये सांगत होता. “माझं कट्टुमरम आत मांडलंय. आज शेवटचा दिवस ना? न्यायला आलोय.”

मी आत, काचेच्या दारामागे. त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण नाक अगदी आमच्या चित्रकाराचं, मुरुगेसनचं. शेजारी सुगुणा मॅडम, अड्यारमधल्या त्या गॅलरीच्या मालकीण. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं आणि त्या कात्रणात हा माणूस मेलेला होता.

“अनघा, हा कोण?”

“भाऊ असावा.”

“कुठला भाऊ?”

“तोच.”

तो कसा मेला ते सांगायला हवं. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी दुभाषी आहे. वडील रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात होते. घरात मराठी, गल्लीत तमिळ, शाळेत इंग्लिश, अशी वाढले. पोट भरलं ते श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांवर. बाहेरून आलेला इंजिनिअर इंग्लिशमध्ये सांगतो, लाइनवरचा कामगार तमिळमध्ये विचारतो, मध्ये मी. याला कन्सेक्युटिव्ह म्हणतात. बोलणारा चार वाक्यं बोलून थांबतो, मग तुम्ही बोलता. नियम दोनच. तो ‘मी’ म्हणाला की तुम्हीही ‘मी’ म्हणायचं. ‘ते म्हणतात की’ असली शेपूट लावायची नाही. आणि पदरचं घालायचं नाही, त्याचं गाळायचं नाही. प्रेस चालू करण्याआधी कुठलं बटण दाबायचं, हे मी माझ्या शैलीत रंगवून सांगितलं असतं तर कुणाची तरी बोटं गेली असती.

गॅलरीत बोटं जात नाहीत. तिथे काहीही बोललं तरी चालतं, असं मला वाटायचं.

ती वर्षं कलेला बरकतीची होती. ज्यांनी आदल्या वर्षी फ्लॅट घेतला ते या वर्षी पेंटिंग घेत होते, आणि दोन्हींबद्दल एकाच आवाजात बोलत होते. फक्त फ्लॅटला अर्थ लागत नाही. पेंटिंगबरोबर अर्थ हवा असतो. घरी पाहुणे आले की सांगायला. म्हणून ‘आर्टिस्ट टॉक’ ठेवायचे. प्रत्येक चित्रकाराने आपल्या एका कामाशेजारी उभं राहून त्याचा अर्थ सांगायचा. आधी काजू, मग अर्थ.

महिन्याभरापूर्वीच्या त्या संध्याकाळी पहिले गृहस्थ बंगळूरचे. त्यांनी लाल प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं झाली की रचतात तशाच. त्यांच्या मते ती ‘बसण्याची अनुपस्थिती’ होती. कुणीतरी विचारलं, लालच का? ते बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, “लाल हा एक प्रश्न आहे.” माना डोलल्या. नंतरच्या बाईंनी फ्रीजचं रिकामं खोकं आतून काळं रंगवलं होतं. हे माझं बालपण आहे, असं त्या म्हणाल्या. बालपणी त्यांच्याकडे फ्रीज होता, एवढं मला कळलं.

हे लोक इंग्लिशमध्ये बोलत असल्यामुळे मला काम नव्हतं. मी काजू खाल्ले.

माझं काम मुरुगेसनशी. तिशीतला, आर्ट कॉलेजात शिकलेला, इंग्लिश कळायचं थोडं पण बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. सुरुवातीलाच सुगुणा मॅडमनी मला कोपऱ्यात घेतलं होतं.

“हा फार साधं बोलतो गं. तू जरा उचलून बोल. रामनाथन आलेत.”

रामनाथन म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणारे कारखानदार. ते बघायचे, मान तिरकी करायचे आणि घ्यायचे. घेतलं की चित्राच्या नावाच्या पट्टीवर छोटी लाल टिकली चिकटते. विकलं गेल्याची खूण. मॅडम त्या टिकल्यांची पाकिटं पर्समध्येच बाळगायच्या.

मुरुगेसनने कट्टुमरम मांडलं होतं. म्हणजे जाड ओंडके एकमेकांशेजारी ठेवून दोराने आवळलेले. कोळी लोक त्यावर उभं राहून समुद्रात जातात. इथे ते लोखंडी घोड्यांवर ठेवलेलं, छातीच्या उंचीला. बाकी काही नाही. रंगही नाही.

रामनाथन यांनी मान तिरकी केली. “हे सुनामीबद्दल आहे का?”

सुनामीला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. त्या किनाऱ्यावरच्या कुणी शिंपला जरी रंगवला तरी लोक हाच प्रश्न विचारत.

मी प्रश्न तमिळमध्ये सांगितला. मुरुगेसनने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं.

“नाही सर. हे माझ्या अण्णाचं, थोरल्या भावाचं कट्टुमरम आहे. समुद्रावरून आलं की दोर सोडायचा, ओंडके वाळूवर वेगवेगळे वाळवायचे. नाहीतर पाणी पिऊन जड होतात. पहाटे परत बांधायचे. बांधलं की नाव, सोडलं की सरपण. लहानपणापासून रोज बघत आलो. ते लोकांनी बघावं असं वाटलं.” तो थांबला. मला वाटलं संपलं. “आता सगळ्यांना मदतीत फायबरच्या बोटी मिळाल्यात. अण्णालाही मिळाली, पण चार जणांत एक. रोज भांडणं. त्याला त्याचं एकट्याचं परत पाहिजे. प्रदर्शन संपलं की आणून देतो, असा शब्द देऊन आणलंय. हे विकायचं नाही.”

त्या संध्याकाळभरात कुणी काही बोललं असेल तर हेच. आणि मी उभी राहून इंग्लिशमध्ये काय बोलले?

“समुद्राने जे सोडवलं, ते मी पुन्हा बांधलं आहे. हे नुसते ओंडके नाहीत, हा माझा भाऊ आहे. तो रोज पहाटे जायचा. आता मी त्याला इथे बांधून ठेवलं आहे.”

मग टाळ्या. खोकेवाल्या बाईंनी डोळे टिपले.

‘विकायचं नाही’ हे मी विसरले नव्हते. गाळलं.

मॅडमनी सांगितलं म्हणून, असं म्हणता येईल. इतकी वर्षं मीही स्वतःला तेच सांगत आले. पण खरं असं की दुभाष्याकडे कुणी बघत नाही. लोक बोलणाऱ्याकडे बघतात, आवाज आपला येतो. त्या दिवशी अख्खी खोली माझ्याकडे बघत होती. मला बरं वाटलं. इतकं क्षुद्र कारण होतं.

मुरुगेसन जवळ आला. “आक्का, टाळ्या कशाला वाजवल्या?”

“तुझं बोलणं आवडलं.”

“विकायचं नाही, हे सांगितलंत ना?”

“हो.”

टिकली लागली. त्याला ते नंतर कळलं. तो धावत मॅडमकडे आला तेव्हा मी तिथेच होते.

“मॅडम, मी तर सगळ्यांसमोर बोललो होतो.”

“काय बोललास? असं तर कुणीच ऐकलं नाही. अनघा होती ना तिथे! काय गं?”

मी एसीचा रिमोट उचलला आणि तापमान बघू लागले. मुरुगेसनने माझ्याकडे पाहिलं, आणि मग, हे अजून खुपतं, त्याने मान खाली घातली. त्याला वाटलं असणार, आपणच नीट बोललो नाही. ‘आक्का’ चुकेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रात आलं: सुनामीत भाऊ गमावलेल्या तरुण कलाकाराचं हृदयस्पर्शी काम. मुरुगेसनने ते वाचलं की नाही, मी विचारलं नाही. वाचलं असेल तर गप्प बसला, एवढं नक्की. कट्टुमरम विकलं गेलंय, हेही त्याने भावाला सांगितलं नाही.

तर आता भाऊ फाटकाशी, आणि विकत घेतलेलं न्यायला रामनाथन यांची गाडी कुठल्याही क्षणी येणार.

“त्याला मागे जनरेटरपाशी बसव,” मॅडम म्हणाल्या. “चहा दे. रामनाथन जाईपर्यंत तो पुढे दिसता कामा नये.”

अशा रीतीने मी मयताला चहा नेऊन दिला. नाव एळुमलै. स्टुलावर बसून तो वॉचमनशी गप्पा मारत होता, आणि वॉचमनला जगातली सगळी बातमी असते.

“तू पेपरात आलायस,” वॉचमन म्हणाला. “सुनामीत गेलास म्हणे.”

एळुमलै मोठ्याने हसला. “मग माझ्या दिवसांचं जेवण कुठे घातलं? मला बोलावलं नाही कुणी!” हसता हसता त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हसत नव्हते. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि तडक आत गेला. मी मागोमाग.

मुरुगेसन आत ओंडक्यांवरची धूळ पुसत होता.

“तंबी, मी मेलो?”

“मी असं बोललो नाही अण्णा. देवाशपथ.”

“मग यांना स्वप्न पडलं? आणि घेऊन जायला आलो तर हे मागे बसवतात. विकलंस?”

मुरुगेसन हातातल्या फडक्याची घडी घालू लागला. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही होता ना, अम्मा?” एळुमलै म्हणाला. “हा काय बोलला होता तेव्हा?”

माझं कामच ते. कोण काय बोललं ते सांगणं. मुरुगेसनचं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं, आजही आहे. मी म्हणाले, “इंग्लिशमध्ये ते जरा… लोकांनी तसा अर्थ घेतला.”

एळुमलै भावाकडे वळला. “म्हणजे बोललास तू काहीतरी.”

एवढंच. तो ओरडला नाही. ओंडक्यांपाशी गेला, वाकून गाठ शोधली आणि दोर सोडायला लागला.

नेमके तेव्हाच रामनाथन आत आले. मागे मॅडम, चेहरा पांढराफटक. एळुमलै कुणाकडे न बघता हात चालवत होता. दोर सुटला तसे ओंडके सैल झाले, एक गडगडत ग्रॅनाइटवर आपटला. त्याने दोर कोपरावर गुंडाळला आणि रामनाथनना तमिळमध्ये म्हणाला, “मी एळुमलै, याचा मोठा भाऊ, आणि मी मेलेलो नाही. लाकूड याने विकलं. दोर माझा आहे. दोर विकलेला नाही.”

आता रामनाथन तमिळच. त्यांना माझी गरज नव्हती. पण गॅलरीत शिरलं की त्यांना फक्त इंग्लिश कळायचं. त्यांनी मला विचारलं, “व्हॉट इज ही सेइंग?”

आणि तेव्हा कुठे मी नियमाने बोलले. “मी एळुमलै. मी याचा मोठा भाऊ. मी मेलेलो नाही. लाकूड याने विकलं. दोर माझा आहे. दोर विकलेला नाही.”

रामनाथन दोन पावलं मागे सरकले. डोळे चमकले. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“वंडरफुल! मेलेला भाऊ येतो आणि गाठ सोडतो. हे ठरलेलं होतं?”

सुगुणा मॅडमना श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. “दॅट्स द कन्सेप्ट, सर.”

खरं सांगायला एक वेळ असते. ती टळली की खरंही शोभेचं होतं, रामनाथन यांच्या दिवाणखान्यात ठेवण्याजोगं. एळुमलै दोर खांद्यावर टाकून निघाला. मुरुगेसन फाटकापर्यंत त्याच्यामागे धावला. टेम्पो थांबला नाही.

मी काय केलं? मी त्या दिवसाच्या मानधनाचं व्हाउचर सही करून घेतलं आणि घरी गेले.

मुरुगेसन आता मोठा कलाकार आहे. परदेशात प्रदर्शनं होतात. इंग्लिश शिकला, त्यामुळे दुभाषी लागत नाही. मध्ये एकदा मागच्या रांगेत बसून त्याचा टॉक ऐकला. कट्टुमरमचा फोटो पडद्यावर होता आणि तो सांगत होता: समुद्राने जे सोडवलं, ते मी पुन्हा बांधलं आहे. माझंच वाक्य, थांबण्याच्या जागांसकट. इंग्लिशमध्ये त्याचा भाऊ मेलेला आहे. तमिळमध्ये जिवंत आहे, पण त्याच्याशी बोलत नाही.

हे मी मराठीत लिहितेय. दोघांपैकी कुणालाही मराठी येत नाही. माझी हिंमत एवढीच.

ओंडके श्रीपेरुंबुदूरला आहेत, रामनाथन यांच्या कारखान्याच्या रिसेप्शनमध्ये. वॉर्निश करून, स्टीलचे बोल्ट मारून भिंतीला घट्ट बसवलेत. आता ते कधी सुटायचे नाहीत. खाली पितळी पाटी, तिच्यावर माझं वाक्य. सेफ्टी ट्रेनिंगसाठी मला तिथे बोलावलं तेव्हा शिफ्ट बदलत होती. एक कामगार पाटीपाशी थबकला. कोवलमचाच निघाला.

“आक्का, यावर काय लिहिलंय?”

मी पाटी तमिळमध्ये वाचून दाखवली. घातलं नाही, गाळलं नाही.

“कुणाचा भाऊ?”

“मुरुगेसनचा. एळुमलै.”

“एळुमलै?” तो म्हणाला. “काल तर बाजारात मासळीवरून माझ्याशी भांडला.” त्याने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे लिहिलं कुणी?”

बस सुटत होती. तो पळत गेला. मी उत्तर दिलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी एकच सांगते. बोलणाऱ्याऐवजी लोक तुमच्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागले, तर तिथल्या तिथे थांबा आणि आपण काय गाळलं ते आठवा.