देवबाभळीभोवतीचा पार

मंडळी, टीव्हीवर रविवारचा सिनेमा लागायच्या आत जिन्याखालचा हा फळा वाचून जा. मी, तुमचा सेक्रेटरी, लिहितोय.

फाटकाजवळची देवबाभूळ वाळली. तळमजल्यावरच्या कदमवहिनींनी ती माहेराहून आणली होती. तिचे पिवळे गोंडे बघायला अख्ख्या मुलुंडातले लोक थांबायचे. धुण्याचं पाणी ओतून वहिनींनीच झाड मारलं, असं काल मी ह्याच फळ्यावर त्यांचं नाव घालून लिहिलं.

आज सकाळी झाड काढायला पार फोडला. आत नुसता चिखल, मुळं काळी पडून कुजलेली. साबणाचा पत्ता नाही. हौसेनं पार मी बांधला, पाणी जायला भोक ठेवलं नाही, आणि रोज बादलीभर पाणी मीच ओतलं.

वहिनी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "भावजी, माळावरचं झाड आहे. ऊन द्या, पाण्याचे लाड नकोत." मी हसलो होतो.

कालचं पुसून टाकलंय. पण काल स्वतःचं नाव वाचल्यापासून वहिनी मागच्या फाटकानं जातात. हे त्या वाचणारच नाहीत. आता तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडानं त्यांचं दार वाजवू?