खाडीत कागद शोधणारा साहेब

तो गोरा साहेब विलायतेहून फटफटीवर बसून देश बघायला निघाला होता. पावसहून येताना, भाट्याच्या खाडीत, होडीत त्याचे फटफटीच्या मालकीचे कागद हरवले. कागद नाहीत म्हणून बंदरावरचे लोक फटफटी परतीच्या आगबोटीवर चढवू देईनात. कागदावाचून गोराही चोर ठरतो, हे मला तेव्हा कळलं.

रोज ओहोटीला तो विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखल चाचपत फिरायचा. शाळेत शिकवायला जाताना मला दिसायचा. नुसता शिंपला हाती लागला तरी धुऊन, उलटून बघायचा.

शेवटी त्याच्यासाठी मीच होडीवाल्याला विचारलं.

म्हातारा म्हणाला, "भिजलेलं कागद होडीत पडलं हुतं. सरस्वती ती, पायाखाली कशी येऊ देऊ? कपाळाला लावलं नि पाण्यात सोडलं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब ओरडला नाही. पाणी कुठे चाललं होतं, एवढंच त्याने विचारलं. म्हाताऱ्याने समुद्राकडे हात केला.

साहेबाने तिकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे कागद माझ्याआधी घरी निघाले."

"काय बोलतो सायब?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी म्हटलं, "आजोबा, बरं केलंत म्हणतो."