नर्सबाईंचा उजवा इंडिकेटर

यशोधरा मोटारसायकल चालवायची, असं सांगितलं की आजही सोनईकडची माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "साडीवर?" हो बाबा, साडीवर. पांढरी साडी, वरून नवऱ्याचा जुना फुल शर्ट, पायात बूट आणि मागे दोरीनं आवळलेला लशीचा डबा. साल शहाण्णव. सरकारनं तिच्या गळ्यात अकरा वस्त्या बांधल्या होत्या आणि एसटी दिवसातून दोनदा, तीही मनात आलं तर. नवरा प्रशांत साखर कारखान्यात टाइमकीपर. त्याची हिरो होंडा पाळी संपेपर्यंत शेडमध्ये नुसती उभी असायची. यशोधरा एक दिवस म्हणाली, तिथं उभी राहून ती काय अंडी घालते? दुसऱ्या आठवड्यापासून प्रशांत सायकलवर गेला आणि गाडी बायकोकडं आली.

गावाला हे पचणं शक्यच नव्हतं. एक तर बाई, त्यात बौद्धवाड्यातली, आणि खाली शंभर सीसीची गाडी! तिच्या बापाला, सहादूला, याचं काहीच नवल वाटलं नाही. त्याच्या बापाला चावडीपुढं सायकलवरून उतरून, सायकल हातात धरून चालावं लागायचं. सहादूनं लेकीला एवढंच सांगितलं की बसलीस ना, मग आता कुणी सांगितलं म्हणून उतरायचं नाही.

ती उतरली नाही. पण रस्त्यानं तिला छळायचं ते छळलंच. चहाच्या टपरीवरून शिट्ट्या, समोरून येणारा टेम्पोवाला खिडकीतून हात काढणार, मागचा राजदूतवाला उगाचच पों पों करत पाच मिनिटं चिकटणार. सुरुवातीला ती वळून बघायची, शिव्या हासडायची. मग तिच्या ध्यानात आलं की वळून बघितलं की त्यांचं आणखी फावतं. मग तिनं नियमच केला. कुणी हात करो, हॉर्न वाजवो, बोंबलो, नजर रस्त्यावर आणि मान ताठ. तीन वर्षं तिनं तो नियम असा पाळला, की म्हसोबासमोर घेतलेली शपथसुद्धा कुणी इतकी पाळत नाही.

आणि त्याच नियमानं घात केला.

घोडेगावच्या बाजाराचा दिवस होता. फाट्यावर बैल, म्हशी, शेळ्या, व्यापारी, नुसता चिखल झाला होता माणसांचा. उजवीकडं वळायला यशोधरानं इंडिकेटर लावला, एका खोंडाला वाट देत, एका दलालाला चुकवत कशीबशी वळली, आणि इंडिकेटर बंद करायचं राहून गेलं. स्पीडच्या काट्यापाशी हिरवा ठिपका लुकलुकत असतो म्हणे, पण भर उन्हात तो दिसतो कुणाच्या बापाला? मागचा पिवळा दिवा मात्र चालूच. तीन किलोमीटर.

समोरून कांद्याचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली. दिवा चालू आहे, ही त्या रस्त्यावरची खूण. यशोधरानं बघितलं नाही. टपरीवरच्या दोघांनी ओरडून सांगितलं. तिनं मान ताठ केली. मागून छगन दूधवाला राजदूतवर येत होता, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. त्यानं हॉर्न दिला. दोनदा दिला, तीनदा दिला. ती मनात म्हणाली, वाजव मेल्या, वाजव.

आता छगनच्या जागी जाऊन बघा. आपल्याकडं ट्रकवाले उजवा इंडिकेटर देतात तो कशासाठी? मागच्याला सांगायला, की रस्ता मोकळा आहे, ये पुढं. छगनला वाटलं बाईंनी साइड दिली. तो उजवीकडून पुढं काढायला गेला आणि नेमकी तेव्हाच यशोधरा तांबेवस्तीच्या वाटेला उजवीकडं वळली. तिनं वळायच्या आधी बोटानं बटण चाचपलंही होतं, लागलेलंच होतं. दोन्ही गाड्या आडव्या. चाळीस लिटर दूध डांबरावर, यशोधराचा गुडघा सोललेला, आणि छगनचा उजवा हात कोपराखाली मोडलेला. हाताला बांबूची काठी बांधून तिनंच त्याला मागून आलेल्या जीपमध्ये घातलं.

त्यानंतर गावाला काय, सण लाभला. प्रशांत रात्री जेवताना म्हणाला, छगन भरधाव होता असं सांग, विषय मिटेल. यशोधरा म्हणाली, इंडिकेटर माझा चालू होता, मी कशी सांगू? ती छगनच्या घरी माफी मागायला गेली. त्याची आई मुक्ताबाई अंगणातच आडवी आली आणि तिला जन्मापासूनचं सगळं ऐकवलं. यशोधरानं ते उभ्यानं ऐकून घेतलं, कारण त्यातला अर्धा भाग तिला लागू होता.

पण खरं संकट आरोग्य केंद्रात उभं होतं. तिथले डॉक्टर नृसिंहराव माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला भानगड नको असायची. पडलेली गाडी त्यांनी आवारात आणवली, चावी टेबलावर घेतली आणि हमीपत्र टाइप करून ठेवलं. मी यापुढं कामावर असताना मोटारसायकल चालवणार नाही. सही करा, नाहीतर वर रिपोर्ट जाईल, नोकरीचं काय होईल ते सांगता येत नाही. आठ दिवस यशोधरा पायी फिरली. अकरातल्या चार वस्त्या झाल्या. सात वस्त्यांवरची पोरं डोसावाचून राहिली.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. छगनचा हात गळ्यात. डॉक्टर म्हणाले, बाईमाणसाला एवढं अवधान राहत नाही, यात कमीपणा नाही. सही करा.

यशोधरानं कागद पुन्हा एकदा वाचला. जिवाचा नुसता संताप झाला होता, पण आवाज खाली होता.

"साहेब, इंडिकेटर बंद करायला मी विसरले. ती चूक माझी. त्याची काय ती शिक्षा द्या, मी भोगीन. पण तीन किलोमीटर मला लोक सांगत होते आणि मी बघितलं नाही, ते का, हे विचारा. तीन वर्षं रोज तेच हात, तेच हॉर्न. चेष्टेचा कुठला आणि खरा कुठला, हे मी कसं ओळखायचं? विसरणं माझं. न बघणं मला यांनी शिकवलं."

डॉक्टर छगनकडं बघायला लागले. छगन प्लास्टरवरचा धागा सोडवत बसला. तो कबूल होईल असं यशोधराला वाटलंच नव्हतं. तिनं कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं की दिवा चालू राहिला ही माझी चूक आहे, गाडी चालवणं ही नाही, आणि खाली ठसठशीत सही केली.

डॉक्टर चिडले. हे चालणार नाही म्हणाले.

तेव्हा छगन बोलला. "साहेब, पयल्या वर्षी हिच्या मागं हॉर्न वाजवणाऱ्यांत मीबी हुतो. बाजाराला जाताना, पोरं हसायची म्हनून. त्या दिशी मी खराच वाजवत हुतो." त्यानं डावा हात टेबलावर ठेवला. "माजं ऐकावं असं मीच काय ठिवलं न्हाई. चावी द्या तिची."

डॉक्टरांनी चावी पुढं सरकवली, पण कागद फाडला नाही, फायलीला लावला, आणि त्याचा पुढं तिच्या बढतीला दोन वर्षं त्रास झाला. मुक्ताबाई मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही. यशोधरानं चावी उचलली, वाकडं झालेलं हँडल आवारातच पाय देऊन सरळ केलं आणि तांबेवस्तीला गेली. तिथल्या सहा पोरांचा डोस आठ दिवस थकला होता.