फाटक नसलेलं कुरण

समजा, तुम्हाला एक गाय या कुरणातून शेजारच्या कुरणात न्यायची आहे. मधे छातीइतकी उंच भिंत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. फाटक शोधू नका, ते नाहीच. भिंतीचा एक तुकडा वरून उतरवायचा, दगड गवतावर मांडायचे, गाय पलीकडे घालायची आणि भिंत पुन्हा रचायची. गाय परत आणायची असेल तर पुन्हा तेच. पाऊस असतोच.

आमच्या नाक्लोहा गावात कोलमन ओ'डाऊड जन्मभर हेच करत आला. समोर अटलांटिक, पायाखाली मातीपेक्षा खडक जास्त. घरात तो, त्याची थोरली बहीण अट्राक्टा आणि गोठ्यात पेगी गाय. बहीणभाऊ दोघंही बिनलग्नाचे. संसार झाला तो फक्त पेगीचा.

गावाचं दुखणं म्हणजे आम्हाला इतिहास नव्हता. शेजारच्या क्रेगमोरमध्ये म्हणे एक संत एक रात्र मुक्कामाला होता. त्या एका रात्रीवर त्यांनी पाटी, चहाचं दुकान आणि प्रवाशांची बस मिळवली. आमच्याकडे बटाटे कुजले, माणसं उपाशी मेली, उरलेली जहाजात बसून अमेरिकेला गेली, घरांची छपरं पडली. पण असला इतिहास सगळ्याच गावांकडे होता. त्याची पाटी कोण लावणार?

म्हणून वसंतात जुन्या वास्तूंच्या खात्यातली बाई कॅमेरा घेऊन आली, तेव्हा कोलमनची जीभ सुटली.

"ही भिंत? हजार वर्षांची, बाईसाहेब. त्या संताच्याही आधीची."

"कशावरून?"

"आजोबा सांगायचे. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती."

सवय कोलमनलाही नव्हती, म्हणूनच किती खोटं बोलावं याचं प्रमाण त्याला कळलं नाही.

उन्हाळा सरताना पाटी आली, प्रवाशांची बसही आता आमच्याकडे थांबणार होती. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग अट्राक्टानं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. या भिंतीचा एकही दगड हलवू नये.

पेगी त्याच भिंतीच्या आत होती. आणि गाभण होती.

अट्राक्टा भिंतीवरून पाणी आणि चारा देऊ लागली. वादळांचे दिवस जवळ आले, पेगीची कासही भरत आली.

"अरे, गोठ्यात आण तिला," अट्राक्टा म्हणाली. "उघड्यावर व्यायली तर वासरू गारठून मरेल."

"दगड हलवला तर मला आत टाकतील, ताई."

"मग खरं सांगून टाक. पेगीला आत घातल्यावर तो तुकडा तूच यंदा इस्टरला रचलायस."

कोलमन खरं सांगायला पबमध्ये गेला. पबचा मालक फेस्टी हाच गावसमितीचा अध्यक्ष.

"सांग की," फेस्टी ग्लास पुसत म्हणाला. "आधी क्रेगमोरवाल्यांना सांग. हसून हसून मरतील, तेवढाच बसला एक थांबा कमी."

"गाय अडकलीय रे माझी!"

"एका गायीपायी हजार वर्षं बुडवतोस? क्रेननं उचलू तिला."

"गाभण आहे ती, गाढवा!"

"मग दोघांना उचलू."

दुसऱ्या सकाळी वारा उलटा फिरला. पेगी भिंतीच्या आडोशाला उठबस करू लागली. कोलमननं अंगातला कोट काढून पाटीवर टांगला आणि वरचा दगड उचलला. नेमकी तेव्हाच बस येऊन थांबली. प्रवासी छत्र्या उघडून भोवती जमले.

"खोटं आहे सगळं!" कोलमन दगड उतरवता उतरवता ओरडला. "हा तुकडा मी इस्टरला रचलाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फेस्टी धावत आला आणि छाती फुगवून म्हणाला, "मंडळी, ही आमची प्राचीन प्रथा! दर रविवारी!"

वासरू गोठ्यात झालं. धडधाकट कालवड. खात्यानं पाटीत दुरुस्ती केली. दगड फक्त परंपरेनुसार हलवावेत.

आता दर रविवारी परंपरा पेगीला आत नेते आणि बाहेर आणते. पेगी वैतागली आहे. कोलमन भेटेल त्याला खरं सांगतो आणि लोक त्याच्या विनयाचं कौतुक करतात.

पण तळाचे ते अवाढव्य दगड त्यानं कधी हलवलेले नाहीत, त्याच्या आजोबांनीही नाहीत. ते कोणी ठेवले, हे खात्यातल्या बाईंनाही ठाऊक नाही. रविवारी बस गेली की कोलमन त्या दगडांना टेकून पाठ चोळत बसतो आणि ते ठेवणाऱ्या त्या अनोळखी माणसाला विचारतो, "एवढे धोंडे वाहून आणलेस बाबा, मग एक फाटक ठेवायला काय झालं होतं? तुझ्याकडे गाय नव्हती की काय?"