वगळलेली सव्वा मूठ

आबांनी माझ्या धाकट्या भावाला फसवलं. आबा म्हणजे आमचे थोरले काका. भाऊ फौजेत आहे आणि फसवलं तेव्हा तो सीमेवर होता. हे मी भाऊबंदांच्या तोंडावर बोललोय, आता लिहूनही ठेवतो.

लढाईची बातमी आली त्या आठवड्यात त्याच्या तुकडीला निघायचा हुकूम झाला. फोन जमा करून घेतले. मग त्याने पत्रं लिहिली. दहावीनंतर हातात पेन धरलं नसेल, अक्षर बैलगाडी चढावर लागल्यासारखं. पहिलं पत्र धुळ्याला माझ्या पत्त्यावर आलं. कुठे चाललोय हे लिहायची मनाई होती, म्हणून बाकी सगळं होतं. इथल्या वांग्यांचं भरीत होत नाही, नुसता लगदा होतो. आईने गुडघ्याला तेल लावावं. आणि मला सूचना: "गिऱ्हाइकावर ओरडू नको, दादा. ट्रॅक्टर जुना असतो, माणूस नसतो."

मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. गॅरेजात पाने पुसणाऱ्या पोरापासून सुरुवात केली, कुणाच्या शिफारशीवर उभा राहिलो नाही. भाव करताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघतो.

दुसऱ्या पत्रात एक ओळ होती: "आबांना वेगळं पत्र टाकलंय, कानबाईच्या मुठीचं."

कानबाई ही आम्हा खानदेशातल्यांची देवी. आमची कानबाई श्रावणात पारोळ्याजवळच्या गावी, आबांच्या घरी बसते. रोटांचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे गहू मोजताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घालतात. पाळण्यातल्या पोराचीही घालतात. तो रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत आणि उरू देत नाहीत. ज्याची मूठ पडली तो घरचा, एवढा साधा हिशेब आहे.

मोजायच्या दिवशी मी आईला घेऊन गावी गेलो. आबा पाटावर बसून मूठ घालत होते, एकेक नाव घेत होते. माझं झालं. पुढचं नाव माझ्या भावाचं यायला हवं होतं. आबांनी चुलतभावाचं घेतलं.

"आबा, धाकल्यानी मूठ राहिनी."

"तो आठे नई शे. जो खावाले नई शे, त्यानी मूठ कसाले?" इथे खायला नाही त्याची मूठ कशाला, हा आबांचा हिशेब.

"त्याना वाटा मी खासू. त्यानं पत्र उनं ना तुमले?"

"कसानं पत्र? काही नई उनं."

पत्र आलंच नाही म्हणताना त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि परत आला. मला तेवढं पुरे होतं. पण मी बोलायच्या आधी काकूच उठल्या. "देवीम्होरे खोटं नका बोलू," म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर आबांच्या खिशातून पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

मी उभ्यानेच मोठ्याने वाचलं. "तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार. औंदा सुट्टी नाही. माझा वाटा दादा खाईल, तो तसाही दोघांचं खातो. पण मूठ चुकवू नका. इथे रात्री पहाऱ्यावर मी घरातल्या सगळ्यांची नावं म्हणतो. तुम्ही मोजाल तेव्हा माझंही घ्या."

आई पदर तोंडाशी धरून बसली होती. आबा खाली बघत म्हणाले, "लढाईवर गेलेल्याची मूठ घातली आणि काही वाईट झालं, तर देवीचा रोट विटाळतो. मी घरासाठीच केलं."

"म्हणजे तुम्ही त्याला आताच मेलेल्यात धरलं!"

मी फार ओरडलो. शिव्याही दिल्या, त्या मागे घेत नाही. आबांनी गव्हाचं फडकं बांधलं आणि गिरणीत पाठवून दिलं. एवढे पुरुष बसले होते, एकानेही त्या गाठीला हात लावला नाही. कानबाई आबांच्या घरात बसते, आणि आबांशी बिघडलं तर पुढच्या वर्षी आपली मूठ कोण घालणार, ही भीती. आईने आणि मी त्या वर्षी रोट खाल्ला नाही. निघताना मी आबांच्या घरातल्या उरलेल्या पोत्यातून भावाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढून रुमालात बांधले.

महिन्याभराने त्याचा फोन आला. दोन मिनिटं मिळाली होती. आईची चौकशी झाली आणि लगेच, "दादा, माझी मूठ घातली ना आबांनी?"

फुटक्या ब्लॉकचं इंजिन मी कधी चांगलं म्हणून विकलं नाही. त्या दिवशी मी म्हणालो, "घातली रे. पहिली तुझीच."

तो हसला. "मग ठीक," म्हणाला आणि फोन कटला.

ते खोटं माझ्या तोंडून गेलं, पण ते आबांचं आहे. तो येणार आहे. रुमालातले गहू माझ्या दुकानात, कप्प्यात आहेत. आबा, तो दारात उभा राहील तेव्हा मी मध्ये बोलणार नाही. भाऊबंदही सगळे तिथे असतील, त्या दिवशी गप्प बसले होते तसेच. तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं, की तो जिवंत असताना त्याला घरातून कुणी आणि का वगळलं.