आधी खुर्चीत बसायचं

मरण्याच्या बाबतीत आमच्या शेजारच्या मावशींचा हात धरील असं माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये सापडलं नसतं. मावशी म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या नव्हेत, अस्सल इंग्रज. माझ्या मुलीनं, सईनं, लहानपणी त्यांना मावशी म्हटलं आणि ते त्यांना इतकं आवडलं, की पुढे टपालवाल्यालाही त्यांनी तेच म्हणायला लावलं. तरुणपणी त्या इंग्लंडात रंगभूमीवर होत्या. विष पिऊन, बुडून, झुरून, सुऱ्याचा वार खाऊन, सगळ्या परींनी मरून झालं होतं. मग टीव्हीवर इस्पितळाच्या एका मालिकेत कित्येक वर्षं नर्स होत्या. लोक रस्त्यात थांबवून त्यांना आपली गळवं दाखवायचे. एके दिवशी लेखकानं त्यांना जिन्यावरून पाडलं. "दोन ओळींत मारलं मला, आणि तेही पडताना दाखवलं नाही," हे सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज चढायचा. पुढे अमेरिकन प्राध्यापकाशी लग्न करून ॲन आर्बरला आल्या. प्राध्यापक गेले, आणि इथल्या हौशी नाटकवाल्यांना त्यांच्या उच्चारांमुळे त्यांच्यात एक तर राणी दिसायची, नाहीतर खुनी बाई.

शेवटी त्यांची कदर केली ती मेडिकल कॉलेजनं. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना परीक्षेसाठी खोटे रुग्ण लागतात. मावशी तिथे रुजू झाल्या आणि खरे रुग्ण फिके पडू लागले. गुडघेदुखीची भूमिका असली की बसमधूनही लंगडतच उतरायच्या. खोकल्याची असली की आजूबाजूची बाकं आपोआप रिकामी व्हायची. मी एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "त्या आजारी बाईला रस्त्यात कशी सोडू? घरापर्यंत पोचवायला नको?"

सई मेडिकलला गेली आणि एका गोष्टीत अडली. वाईट बातमी रुग्णाला सांगायची, याचीही तिथे परीक्षा असते, आणि आमची कन्या सांगण्याआधीच रडायची. मावशींनी आमच्या स्वयंपाकघरात शिकवणी लावली. दर रविवारी मी पोहे परतायचो आणि टेबलाशी मावशींना नवा असाध्य रोग व्हायचा. ऐकून त्या कधी हसायच्या, कधी सईवर खेकसायच्या. एकदा "मग मांजराला कोण बघेल?" असं इतक्या साधेपणानं विचारलं की मीच डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं. त्यांचे नियम कडक होते. आधी विचारून खुर्चीत बसायचं, उभ्यानं सांगायचं नाही. सांगून झालं की गप्प राहायचं. आणि समोरचं माणूस उठल्याशिवाय आपण उठायचं नाही. प्रवेश संपला की त्या टेबलावर टिचकी मारून "पोहे" म्हणायच्या, आणि आधी शेंगदाणे वेचून खायच्या.

सई पास झाली, डॉक्टरही झाली. गेल्या थंडीत मावशींनी मला हॉस्पिटलला सोडायला सांगितलं. मला वाटलं, नवी भूमिका असेल. तशी ती नव्हती. एक तरुण डॉक्टर आला, दाराशी उभ्या उभ्याच कॉम्प्युटरकडे बघत सगळं सांगून मोकळा झाला. आता मावशी त्याची हजेरी घेणार म्हणून मी वाट बघत राहिलो. त्या नुसतं "थँक यू" म्हणाल्या.

गाडीत त्या बराच वेळ पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. मग म्हणाल्या, "इतक्या वेळा केलंय हे मी. आज काहीच सुचलं नाही." मला गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या दिवसाइतका असहाय मी परदेशात आल्यापासून कधी झालो नव्हतो.

घराशी उतरताना त्यांनी दार धरून ठेवलं. "त्या मुलानं घाई केली," त्या म्हणाल्या. "सईला म्हणावं, मला तू सांग."

सई फोनवर म्हणाली, "बाबा, आय कान्ट." मी म्हटलं, त्यांनीच मागितलंय. रविवारी ती ड्यूटी संपवून थेट आली. मी पोहे टाकले होते. मावशी ओठांना लाली लावून नेहमीच्या जागी बसल्या होत्या.

शिकवणी सगळी इंग्रजीत चालायची. त्या दिवशी सईनं मराठीत विचारलं, "मावशी, मी बसू?"

त्यांनी मान हलवली. ती बसली आणि तिनं पुन्हा इंग्रजीत, सावकाश, काही न लपवता सगळं सांगितलं. रडली नाही. मग गप्प राहिली. बाहेर बर्फ पडत होतं. मावशी खिडकीकडे बघत होत्या, आणि त्या उठत नव्हत्या म्हणून सईही उठत नव्हती. मी टिचकीची वाट बघत गॅसपाशी उभा होतो. ती वाजली नाही. मग पोह्यांवर झाकण ठेवलं आणि तिसरी खुर्ची ओढून मीही बसलो.