भांडी कोणाची?

“या गंजावर कोणाचं नाव आहे?” विमा कंपनीच्या वकिलांनी मोठ्या पातेल्याचा फोटो पुढे धरत विचारलं.

“कमलाबाई मेश्राम,” साक्ष देणाऱ्या सुलोचनाबाई म्हणाल्या.

“आणि या परातीवर?”

“वासनिक परिवार.”

“तुमचं नाव कशावर आहे?”

“माझं नाही जी कशावर.”

“दॅट्स ऑल,” म्हणून वकीलसाहेब बसले. केस खिशात टाकल्यासारखा चेहरा होता त्यांचा. मला इतका राग आला होता की हातातलं पेन मी उगाच उघडझाप करत बसले.

सुलोचनाबाई माझ्या अशील. लग्न, नामकरण, वाढदिवस, अशा कार्यांतल्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायच्या. त्या दिवशी नागपुरात मिहानकडच्या एका ऑर्डरीला निघाल्या होत्या. भाड्याच्या टेम्पोत मागे त्यांची भांडी, पुढे ड्रायव्हरशेजारी त्या. ड्रायव्हरने भरधाव टेम्पो डिव्हायडरवर घातला आणि तो उलटला. बाईंच्या उजव्या मनगटाचा चुरा झाला. रामदासपेठेत ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली, त्यासाठी गळ्यातलं, कानातलं मोडलं. पण भरला गंज चुलीवरून उतरवणारा हात काही परत आला नाही. ऑर्डरी बंद पडल्या.

टेम्पोचा विमा चालू होता, तरी कंपनीने हात वर केले. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाला विम्याचं संरक्षण नसतं. आमच्या भाषेत तो ‘ग्रॅच्युइटस पॅसेंजर’. मात्र स्वतःच्या मालासोबत जाणारा मालक असेल, तर संरक्षण असतं. सगळी केस एवढ्यावर अडली होती: मागची भांडी बाईंची की नाही? नसतील, तर भरपाई एकट्या टेम्पोमालकाकडून घ्यायची. त्याच्याजवळ काय होतं? तोच उलटलेला टेम्पो. असा निकाल फ्रेम करून भिंतीवर लावण्यापुरता.

बाहेर व्हरांड्यात बाई रडायलाच लागल्या. “मॅडम, मले बोलू काहून नाही दिलं तुम्ही? थो गंज माझ्या आत्यानं लग्नात देल्ला. मंग नाव तिचंच राहीन ना!”

“मला माहीत आहे. तुमचं तोंड मीच बंद ठेवलं होतं.”

“काहून जी?”

“तुम्ही सांगितलं असतं, तर त्यांनी तयारी केली असती. आता कंपनीच्या साहेबांनाच सांगू दे.”

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ही वकीलीणबाई ठीक आहे ना. मी त्यांना चहा पाजला.

पुढच्या तारखेला कंपनीचे अधिकारी साक्षीला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात जाड फाइल. त्यांनी ठासून सांगितलं, “भांड्यांवर तिसऱ्याच लोकांची नावं आहेत. त्यामुळे क्लेमंट बाई मालाची मालक नाही.”

मी उभी राहिले. “साहेब, नागपूरचेच ना तुम्ही?”

“हो, इथलाच.”

“लग्न झालंय?”

“ऑब्जेक्शन!” त्यांचे वकील उठले. “याचा केसशी काय संबंध?”

जजसाहेब म्हणाले, “बघू या. विचारा.”

“झालंय,” अधिकारी म्हणाले.

“घरी पिण्याचं पाणी कशात भरता?”

“गुंडात. स्टीलचा आहे.”

“त्यावर कोणाचं नाव आहे?”

त्यांनी एकदा वकिलाकडे बघितलं. वकील फाइलमध्ये काहीतरी शोधत होते.

“बायकोच्या मामांचं.”

“मग तो गुंड मामांचा?”

“नाही, नाही. लग्नात दिलाय त्यांनी. आमचाच आहे.”

“म्हणजे नाव देणाऱ्याचं आणि भांडं घेणाऱ्याचं?”

“हो,” ते पुटपुटले.

“जरा मोठ्याने सांगा, रेकॉर्डवर यायला हवं.”

“हो!”

मागच्या बाकांवर हशा पिकला. जजसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी कोर्टातच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तरी कसर नको म्हणून मी सुलोचनाबाईंच्या आत्याला साक्षीला बोलावलं. वकीलसाहेबांनी जोर लावून पाहिला, “हा गंज तुमचाच ना?”

“माझा कायचा? पोरीले देल्ला मी. आता वापस मागू काय तिले?”

निकाल आमच्या बाजूने लागला. सुलोचनाबाई मालाच्या मालक ठरल्या आणि भरपाई व्याजासकट कंपनीने द्यायची ठरली. अपिलाच्या गोष्टी थोडे दिवस ऐकू आल्या, मग कंपनीने मुकाट्याने पैसे कोर्टात भरले.

यातून घ्यायचा धडा म्हटला तर अगदी साधा. मालासोबत जात असाल तर मालक म्हणून तुमचं नाव असलेली भाड्याची पावती मागून घ्या. आणि विमा कंपनी नाही म्हणाली, म्हणजे कायदाही नाही म्हणाला असं समजून घरी बसू नका. निम्मे लोक तिथेच हरतात.

पैसे खात्यात वळते करण्याच्या अर्जावर सही करायला बाई कोर्टात आल्या. मोडक्या मनगटाने पेन नीट धरता येईना. खिडकीतल्या क्लार्कने शाईचं पॅड पुढे सरकवलं. “अंगठा लावा ना बाई, लवकर होते.”

सुलोचनाबाईंनी पॅड परत ढकललं. “सही येते मले. थांबा जरासे.”

एकेक अक्षर काढत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. मागे रांग खोळंबली होती. मी त्यांच्या बाजूला उभी राहून घेतलं, कोणी घाई करायला नको म्हणून.